फादर सेबास्तियन दो रेगो : संताच्या स्मृतीचे राखणदार

संत जोसेफ वाझ सर्वपरिचित आहेत. त्यांचे चरित्रकार फादर सेबास्तियन दो रेगो मात्र विस्मरणात गेले. गोव्यातील नेवरा गावचे फादर रेगो वाझ यांच्याच ऑरेटोरियन संघाचे धर्मगुरू होते. श्रीलंकेतील छळग्रस्त श्रद्धावंतांना २४ वर्षे सांभाळून वाझ १७११ साली कँडी येथे प्रभुवासी झाले. त्यांना पाहिलेली पिढी सरत असताना रेगो यांनी संघातील पत्रांच्या आधारे पोर्तुगीज चरित्र लिहिले. ते १७४५ साली लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. वाझ १९९५ मध्ये धन्यवादित आणि २०१५ मध्ये संत घोषित झाले, म्हणजे ग्रंथानंतर २७० वर्षांनी! मुलचेऱ्याच्या वनप्रदेशातही अनेक मिशनरींनी आयुष्य वेचले आहे. जाणती माणसे हयात आहेत तोवर आपणही त्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.