लहुजी वस्ताद साळवे

लहुजी राघोजी साळवे (१४ नोव्हेंबर १७९४ – १७ फेब्रुवारी १८८१) हे पुण्यातील ख्यातनाम मल्ल, शस्त्रविद्येचे शिक्षक आणि सामाजिक सुधारणेचे पाठीराखे होते. ते लहुजी वस्ताद या नावाने ओळखले जातात. जोतीराव फुले यांच्या लेखनात त्यांचा उल्लेख लहुजीबुवा असा येतो.

जीवन

पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याचे पेठ हे त्यांचे जन्मगाव. मातंग समाजातील या घराण्यात शस्त्रविद्या परंपरेने चालत आली होती. लहुजींचे पहिले गुरू त्यांचे वडील राघोजी हेच होत. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी येथे इंग्रजांशी झालेल्या युद्धात राघोजींना वीरमरण आले. त्यानंतर वर्षभरातच पेशवाई संपली. लहुजी आजन्म अविवाहित राहिले.

तालीम

१८२२ साली त्यांनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम सुरू केली. तेथे कुस्तीबरोबर दांडपट्टा, तलवार, लाठी आणि नेमबाजी शिकवली जाई. अस्पृश्य मानलेल्यांचा स्पर्शही विटाळ समजला जाण्याच्या त्या काळात मातंग वस्तादाकडे निरनिराळ्या जातींचे तरुण शिकत होते, ही गोष्ट लहान नव्हे. तरुणपणी इंग्रजी सत्ता उलथवण्याच्या विचाराने भारलेले जोतीराव त्यांच्याकडे दांडपट्टा व निशाणबाजी शिकले. ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात त्यांनी स्वतःच तसे नमूद केले आहे. जोतीराव पुढे शिक्षणाच्या मार्गाला लागले. १८७९ मध्ये सशस्त्र उठाव करणारे वासुदेव बळवंत फडके हेही याच तालमीचे शिष्य मानले जातात. एकाच आखाड्याशी जोडल्या गेलेल्या या दोन वाटा परस्परांपासून फार दूर गेल्या.

शिक्षणकार्य

लहुजींच्या चरित्रात शस्त्रांची चर्चा अधिक होते. त्यांचे शिक्षणकार्य मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले. फुले दांपत्याच्या शाळांना विरोध होत असताना ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. राणबा महार यांच्यासह त्यांनी आपापल्या समाजाला विद्येचे महत्त्व पटवून दिले आणि मुलांना शाळेत पाठवण्यास प्रवृत्त केले. त्यांच्या नात्यातील मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या वेळी ती अवघी चौदा वर्षांची होती.

वारसा

त्यांची समाधी पुण्यातील संगमवाडी येथे आहे. मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २००३ साली नेमलेल्या आयोगाला त्यांचे नाव देण्यात आले.