वीर बाबूराव शेडमाके

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारांत, पिंपळाच्या झाडापाशीं, दर वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं दूरदूरच्या खेड्यांतून गोंड बांधव जमतात. ज्या पुरुषाच्या स्मृतीस ते वंदन करितात, त्याचें चरित्र या वनप्रदेशांतील प्रत्येक मुलामुलीस ठाऊक असलें पाहिजे.

बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजीं, हल्लींच्या गडचिरोली जिल्ह्यांतील अहेरीच्या बाजूस, मोलमपल्लीच्या गोंड जमीनदार घराण्यांत झाला. १८५४ सालीं नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें आणि चांदा जिल्हा त्यांच्या अंमलाखालीं गेला. जुन्या जमीनदारांच्या सत्तेस त्यामुळें धक्का बसला. १८५८ च्या मार्चांत बाबूरावांनीं राजगड परगण्यांत बंडाचें निशाण उभारिलें. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव हे त्यांस येऊन मिळाले.

त्यांच्या सैन्यांत गोंड होते, तसेच रोहिलेही होते. रोहिल्यांचे पूर्वज अफगाण मुलखांतून आलेले. शिपाईगिरी हाच त्यांचा पेशा. भाषा निराळी, धर्म निराळा. तरी या परक्या रानांत ते गोंडांच्या खांद्यास खांदा लावून लढले. नांदगांव-घोसरी व गढी सुर्ला येथें इंग्रजी फौजेशीं चकमकी झाल्या. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथील तारखात्याच्या छावणीवर छापा पडला. त्यांत गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज प्राणांस मुकले.

रणांगणांत जें साधलें नाहीं, तें डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनीं अन्य मार्गानें साधिलें. त्यांनीं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांजवर दडपण आणिलें. त्यांच्या माणसांनीं सप्टेंबरांत बाबूरावांस धरून चांद्यास पाठविलें. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांस फांशी देण्यांत आलें. वय अवघें पंचवीस वर्षांचें! व्यंकटराव बस्तरांत निसटले. परंतु १८६० सालीं तेही पकडले गेले. त्यांच्या जमीनदारीचीं ६७ गांवें लक्ष्मीबाईंस मिळालीं. आपल्याच माणसांच्या हातून आपला माणूस शत्रूच्या स्वाधीन झाला, ही या कथेंतील सर्वांत दुःखद गोष्ट होय.

अमेरिकेंतील यादवी युद्धांत लढलेल्या आयरिश आगंतुकांचें स्मारक गेटिसबर्गच्या रणभूमीवर १८८८ सालीं उभारलें गेलें. परमुलखाहून आलेल्या त्या शिपायांस त्या देशानें आपलें मानिलें. आपणही बाबूरावांस वंदन करितांना त्यांच्या बरोबरीनें लढलेल्या अनाम गोंड व रोहिले शिपायांस विसरूं नये. भूमीवरील हक्क केवळ जन्मानें लाभत नाहीं. तिच्यासाठीं रक्त सांडणाराही तिचा पुत्रच होय.