सुकाणूवरचा माणूस : नॉर्बर्ट वीनर

‘सायबर’ हा शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला आहे. खात्यातले पैसे गेले की लोक सायबर पोलिसांकडे धाव घेतात, नोकरीचा फॉर्म भरायचा असला की सायबर कॅफे शोधतात. त्यामुळे या शब्दाचा संबंध संगणक, मोबाइल आणि फसवणूक यांच्याशीच जोडला जातो. प्रत्यक्षात तो आला नावाड्याकडून. ग्रीक भाषेत सुकाणू धरणाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून १९४८ साली एका नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव मिळाले. ते देणारे नॉर्बर्ट वीनर हे गणिताचे प्राध्यापक होते. या शास्त्राचा पाया त्यांनी एका शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉक्टरासोबत घातला.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू. ते भाषांचे पंडित होते आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. टॉल्स्टॉयच्या साहित्याचा मोठा भाग त्यांनी इंग्रजीत आणला. घर शाकाहारी होते आणि नॉर्बर्टही आयुष्यभर शाकाहारी राहिले. मुलाला लिओ यांनी घरीच शिकवले. पण पद्धत कठोर होती. गणितात चूक झाली की आरडाओरडा आणि अपमान ठरलेला. मुलगा हुशार निघाला तेव्हा लिओ यांनी जाहीरपणे सांगितले की तो साधारण बुद्धीचाच आहे, कमाल आहे ती शिकवणीची. या बोलण्याचा सल नॉर्बर्ट यांच्या मनात कायम राहिला. पुढे आयुष्यभर त्यांना नैराश्याचे झटके येत राहिले.

दृष्टी तर लहानपणापासूनच अधू. आठव्या वर्षी डॉक्टरांनी सहा महिने वाचन पूर्ण बंद करायला सांगितले. शिक्षण मात्र थांबले नाही. धडे कानांनी ऐकायचे आणि गणिते मनातल्या मनात सोडवायची, असा क्रम सुरू झाला. अकराव्या वर्षी नॉर्बर्ट महाविद्यालयात दाखल झाला आणि चौदाव्या वर्षी पदवीधर झाला. त्याला व्हायचे होते जीवशास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये प्राणिशास्त्रासाठी त्याने नावही घातले. पण सूक्ष्मदर्शकात नीट दिसेना आणि विच्छेदन करताना हात साथ देईनात. शेवटी तो विषय सोडावा लागला. अठराव्या वर्षी गणिती तर्कशास्त्रात डॉक्टरेट मिळवून तो केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे शिकायला गेला. १९१९ साली बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, वीनर यांना गणित शिकवण्याची नोकरी मिळाली आणि अखेरपर्यंत ते तिथेच राहिले.

जिवंत शरीराची ओढ मात्र सुटली नव्हती. १९३०च्या दशकात त्यांची ओळख आर्तुरो रोसेनब्लूथ या मेक्सिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाशी झाली. रोसेनब्लूथ हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात वॉल्टर कॅनन यांच्यासोबत काम करीत. रक्तातील साखर, शरीराचे तापमान, रक्तदाब यांचा तोल शरीर स्वतःच कसा सांभाळते, हा कॅनन यांचा विषय. रोसेनब्लूथ यांच्याकडे जेवणाच्या टेबलाभोवती डॉक्टर, गणिती आणि अभियंते जमत. एकाने आपला विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी तो निर्दयपणे तपासायचा, असा तिथला रिवाज होता.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा, १९४० साली, वीनर यांनी सरकारच्या विज्ञानप्रमुखांना एक टिपण पाठवले. गणन करणारे यंत्र दातेरी चाकांवर नव्हे तर इलेक्ट्रॉनिक नळ्यांवर चालावे; त्याने आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांत मांडावेत; कामाचा सगळा क्रम यंत्रातच बसवलेला असावा, माणसाने मध्ये हात घालू नये; आणि यंत्राला स्मरणशक्ती असावी, अशी त्यांची सूचना होती. आज टेबलावरच्या संगणकापासून खिशातल्या मोबाइलपर्यंत प्रत्येक यंत्र याच धर्तीवर चालते. युद्धाच्या घाईत ते टिपण बाजूला पडले.

वीनर यांच्याकडे आले दुसरे काम. शत्रूचे विमान इतके वेगवान झाले होते की तोफेचा गोळा वर पोचेपर्यंत ते पुढे निघून जाई. म्हणून काही क्षणांनंतर विमान कुठे असेल याचा अंदाज यंत्राने बांधायचा होता. ज्युलियन बिगेलो या अभियंत्यासोबत वीनर यांनी त्याचे गणित मांडले. नेम किती चुकला याची खबर यंत्राकडे परत यायला हवी आणि त्या खबरेवरून यंत्राने पुढची हालचाल सुधारायला हवी, हे त्यात मुख्य होते. या परतीच्या खबरेला अभियंते ‘फीडबॅक’ म्हणतात. मात्र ही दुरुस्ती प्रमाणाबाहेर झाली तर यंत्र नेमावर न थांबता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हेलकावे खात राहते.

माणसाच्या शरीरात असा एखादा आजार आहे का, असे त्यांनी रोसेनब्लूथ यांना विचारले. उत्तर लगेच आले, की आहे. लहान मेंदूला इजा झालेला रुग्ण स्वस्थ बसलेला असताना त्याचा हात स्थिर असतो. पाण्याचा पेला उचलायला गेला की हात पेल्याच्या पुढे जातो, मग मागे येतो आणि जवळ पोचताना अधिकच थरथरतो. तोफेचे हेलकावे आणि या रुग्णाचा कंप यांचे गणित एकच होते. यंत्र असो वा प्राणी, हेतूने केलेली प्रत्येक हालचाल परतीच्या खबरेवर चालते, हा विचार १९४३ साली तिघांच्या निबंधात प्रसिद्ध झाला. सायबरनेटिक्सची सुरुवात तिथून धरतात.

युद्ध संपण्याआधीच रोसेनब्लूथ मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय हृदयरोग संस्थेत गेले आणि पुढे वीनरही तिथे जाऊन काम करू लागले. हृदयाच्या स्नायूतून विजेची लहर कशी सरकते, ती एखाद्या अडथळ्याभोवती गोल फिरत राहिली तर हृदय अतिवेगाने का फडफडते आणि लहरी विस्कटल्या की नुसतीच थरथर का उरते, याचे गणित दोघांनी १९४६ साली मांडले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या गणिती अभ्यासात त्या निबंधाचा उल्लेख आजही होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस वीनर यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय झाला. विमाने बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या संशोधकाने त्यांच्या युद्धकाळातील अहवालाची प्रत मागितली. वीनर यांनी ती दिली नाही. हिरोशिमा आणि नागासाकी होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. दूरवर सोडलेले क्षेपणास्त्र शेवटी नि:शस्त्र नागरिकांवरच पडणार, आणि आपले गणित कोणत्या कामी येणार हे दिसत असताना ते हाती देणारा त्या परिणामाच्या जबाबदारीतून सुटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ते पत्र जानेवारी १९४७ मध्ये एका प्रसिद्ध मासिकात छापून आले. त्याच महिन्यात हार्वर्डमध्ये गणनयंत्रांवर भरलेल्या परिषदेत बोलायलाही त्यांनी नकार दिला, कारण तिच्यामागे नौदल होते.

हा नकार त्यांना महागात पडला. त्या काळी अमेरिकेत संगणकावरचे बहुतेक मोठे काम लष्कराच्या पैशावर चाले. ज्या यंत्राचा आराखडा त्यांनी १९४० सालीच सुचवला होता, ते इतरांच्या प्रयोगशाळांत आकार घेत असताना ते बाहेर राहिले. सरकारी गुप्तचरांनी त्यांच्या नावाची फाइल उघडली. क्षेपणास्त्रे काही थांबली नाहीत. त्यांचे गणित दुसऱ्यांनी पुढे नेले. स्वभावानेही ते सोपे नव्हते. मनात अढी बसली की जिवाभावाच्या सहकाऱ्यांशीही ते संबंध तोडत, आणि १९५१ नंतर मेंदूच्या संशोधनातले त्यांचे अनेक सोबती असेच दुरावले.

१९४९ साली त्यांनी अमेरिकेतील मोटार कामगार संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना आपणहून पत्र लिहिले. स्वयंचलित कारखान्यासाठी सल्ला मागायला एक मोठी कंपनी त्यांच्याकडे आली होती आणि तिला त्यांनी नाही म्हटले होते. अशी यंत्रे येणार हे नक्की. ती तयारीविना आली तर लाखो कामगार देशोधडीला लागतील, म्हणून संघटनेने आताच जागे व्हावे, असे त्यांनी कळवले. पुढच्याच वर्षी सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकातही त्यांनी हाच मुद्दा मांडला. माणसाला यंत्रासारखे राबवणे हा त्याचा अपमान आहे. पण यंत्राने सुटका केलेल्या माणसाला उपाशी सोडणे हाही अपमानच.

डिसेंबर १९५३ मध्ये वीनर भारतात आले. निमित्त होते इंडियन सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनाचे, आणि ते जानेवारी १९५४ मध्ये हैदराबादला भरले होते. त्या वेळी सारा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता; लातूर-मुरुडच्या लोकांची राजधानी मुंबई नव्हे, हैदराबादच होती. भारताने इंग्लंड-अमेरिकेतल्या धुरकट गिरण्यांचा दीडशे वर्षांचा रस्ता पुन्हा तुडवण्याची गरज नाही, स्वयंचलित यंत्रांच्या मदतीने तो टप्पा ओलांडता येईल, असे त्यांना वाटे. त्यासाठी थोर शास्त्रज्ञांइतकीच यंत्र समजून घेणाऱ्या, ते दुरुस्त करणाऱ्या कुशल तंत्रज्ञांची फळी लागेल, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रातही लिहिले. १९५५-५६ मध्ये ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पाहुणे प्राध्यापक होते. भारतातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक त्याच सुमारास त्या संस्थेत बसला. मुंबईचे गणितज्ञ पेसी मसानी यांच्यासोबत त्यांनी भाकिताच्या गणितावर महत्त्वाचे निबंध लिहिले. मसानी यांनीच पुढे त्यांचे चरित्रही लिहिले.

लष्कराला नाही म्हणणारे वीनर रुग्णालयाला मात्र नाही म्हणत नसत. बहिऱ्या माणसाला बोटांच्या टोकांवरील कंपनांतून बोलणे कळावे, म्हणून त्यांनी एमआयटीत एका उपकरणावर काम केले. ते फारसे यशस्वी झाले नाही. १९६१ साली पडून हाड मोडल्यामुळे ते बोस्टनच्या रुग्णालयात होते. तिथे अस्थिरोगतज्ज्ञांशी झालेल्या बोलण्यातून एक जुनी कल्पना पुन्हा वर आली. हात तुटला तरी उरलेल्या स्नायूंत मेंदूचा हुकूम पोचतच असतो. त्या स्नायूंतली सूक्ष्म वीज टिपून कृत्रिम हात हलवता येईल. त्यातून तयार झालेला ‘बोस्टन आर्म’ वीनर यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी लोकांसमोर आला. आजचे विजेवर चालणारे कृत्रिम हात त्याच वाटेने आले आहेत.

अखेरच्या वर्षांत ते एका धोक्याविषयी वारंवार बोलत. यंत्राला आपण जे सांगतो ते ते करते. आपल्या मनात काय होते ते त्याला ठाऊक नसते. त्यासाठी ते भुताटकीच्या आणि जादूच्या गोष्टींचे दाखले देत. आपल्याकडे भस्मासुराची गोष्ट तीच आहे. वर शब्दशः मिळाला आणि शब्दशःच फळला. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजायला पुराणही नको. मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला असतो. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, एवढेच त्याला सांगितलेले असते. विहीर आटलेली असली तरी तो मोटार सुरू करतो आणि ती कोरडी फिरून जळते. पाण्याची खबर ऑटोकडे परत येण्याची सोय केली तरच मोटार वाचते. ती सोय करायची की नाही, हे माणूस ठरवतो.

जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते वीनर यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. दोनच महिन्यांनी, १८ मार्च रोजी, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना स्टॉकहोम येथे त्यांचा अचानक मृत्यू झाला. ते ६९ वर्षांचे होते. यंत्रांना देव मानणाऱ्यांना इशारा देणारे त्यांचे छोटे पुस्तक त्याच वर्षी बाहेर आले.

आज ईसीजीचे यंत्र कागदावर आलेखासोबत निदानही छापून देते. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय सांगणाऱ्या संगणकप्रणाली १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथे त्यांचा मोठा उपयोग आहे. पण संशय किती असला की रुग्णाला पुढच्या तपासणीला पाठवायचे, ही रेषा कुणीतरी माणूसच आखतो. ती एका बाजूला सरकवली तर आजारी माणूस घरी जातो, दुसऱ्या बाजूला सरकवली तर धडधाकट माणसाला तपासण्यांचे हेलपाटे पडतात. आणि यंत्राने काहीही छापले, तरी रुग्णाची नाडी पाहून, त्याला काय होते ते विचारून मगच त्या कागदाखाली सही करायची असते. ती सही डॉक्टरची असते.