तबकडीमागचा माणूस

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात फ्रीजच्या आधी रेकॉर्डप्लेअर आला. वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून तो घेतला आणि आई आठवडाभर त्यांच्याशी मोजकेच बोलली. रविवारी सकाळी अंघोळी आटोपल्या की वडील तबकडी मऊ फडक्याने पुसून लावत. मध्येच लोकलचा खडखडाट आला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. त्यांच्या दोन तबकड्या विशेष लाडक्या होत्या. एक आजोबांकडून आलेली, 'शीळ' या भावगीताची; दुसरी 'कॉल ऑफ द व्हॅली'. या दोन्हींच्या मागे एकच माणूस उभा आहे, हे मला फार उशिरा कळले. तो माणूस म्हणजे जी. एन. जोशी.

जोशींचा जन्म १९०९ सालचा, विदर्भातला. नागपुरात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. पण ओढ गाण्याची. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' त्यांनी गायली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि महाराष्ट्रभर वाजली. तोवर मराठी माणसाचे सुगम गाणे म्हणजे मुख्यतः नाटकातले पद. एखादी कविता नाटकाच्या आधाराशिवाय, शब्दांना जपत, घरातल्या माणसाने घरातल्यांसाठी म्हणावी तशी गाता येते, हे त्या एका तबकडीने दाखवून दिले. पुढे भावगीत घरोघरी पोचले. पण त्याच्या पहिल्या गायकांत जोशींचे नाव घ्यावेच लागते. गंगूबाई हनगल यांच्याबरोबरची त्यांची द्वंद्वगीतेही त्या काळी गाजली.

असा नावारूपाला आलेला गायक १९३८ साली एच.एम.व्ही. कंपनीत नोकरीला लागला. काम काय, तर इतरांचे गाणे मुद्रित करायचे. ज्याच्या गळ्यावर लोक खूष होते, तो काचेपलीकडे जाऊन बसला. स्वतः गाणाऱ्या माणसाला हे किती जड गेले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

ते काम सोपे नव्हते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात सगळे सांगायचे असे. कुणाला वाटे, यंत्रात आवाज दिला तर गळ्यातून जाईल. कुणाला भीती, आपली चीज चोरीला जाईल. अशांची समजूत घालायला नुसता अधिकारी पुरत नाही, गाणे जाणणारा माणूस लागतो. जोशी तसे होते. दि. वि. पलुसकर १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचे जे थोडे गाणे आज आपल्याजवळ आहे, ते कुणीतरी वेळेवर मुद्रित करून ठेवले म्हणूनच.

मग लाँग प्ले आली. एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. उस्ताद अमीर खाँ यांची संथ, चिंतनशील गायकी साडेतीन मिनिटांत मावणारी नव्हतीच. त्यांना राजी करून जोशींनी त्यांचे मारवा आणि दरबारी मुद्रित केले. ती लाँग प्ले १९६० साली निघाली. खाँसाहेब १९७४ साली मोटार अपघातात गेले. त्यानंतर जन्मलेल्यांना तो मारवा ऐकता येतो, तो या तबकडीमुळे.

१९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' हे त्यांचे आणखी एक धाडस. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. संतूर शास्त्रीय संगीताला पेलेल का, याची तेव्हा अनेकांना शंका होती आणि गिटार तर परक्या मुलखातली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, या तरुणांनी उभा केला. निर्माते होते जोशी. परदेशातल्या कितीतरी श्रोत्यांना भारतीय संगीताची पहिली ओळख याच तबकडीने झाली.

त्याच सुमारास तिकडे जर्मनीतही असाच एक कानसेन होता, हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर. त्याने व्हिलिंगेन गावातल्या आपल्या दिवाणखान्यात मोजक्या स्नेह्यांसमोर ऑस्कर पीटरसनचा पियानो मुद्रित केला आणि १९६८ साली एम.पी.एस. ही खास जॅझची स्वतंत्र कंपनी काढली. त्याआधी, १९६७ साली, त्याच्या 'साबा' या छापाच्या एका तबकडीवर जॅझवाल्यांच्या संगतीला मुंबईच्या केशव साठे यांचा तबला वाजला होता. पण त्या गृहस्थाच्या मागे घरच्या रेडिओ कारखान्याचा पैसा होता आणि मर्जी त्याची स्वतःची होती. आपले जोशी पगारदार. विक्रीचे आकडे विचारणाऱ्या कंपनीत राहून त्यांनी आपली आवड सांभाळली. मला हे जास्त कठीण वाटते.

निवृत्तीनंतर या साऱ्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. १९९४ साली ते गेले.

ते पुस्तक हाती आले तेव्हा माझे वडील नव्हते. तेही तरुणपणी गात असत. घाटकोपरच्या कारखान्यात पाळीची नोकरी लागली आणि गाण्याचा क्लास सुटला. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. फक्त रविवारी दुसऱ्यांचे गाणे जिवाचा कान करून ऐकत. आपल्या दोन आवडत्या तबकड्या एकाच माणसाच्या आहेत आणि त्यानेही आपला गळा बाजूला ठेवला होता, हे त्यांना सांगायचे राहून गेले.

आता माझी नात तोच मेंढपाळाचा दिवस मोबाइलवर ऐकते. परवा तिला मी तिन्ही वादकांची नावे सांगितली, तबलजींचे सांगितले आणि मग आणखी एक नाव सांगितले. ते तिने वहीत लिहून घेतले.