शुभवर्तमानाच्या वाटेने : पंडिता रमाबाई यांचे चरित्र

ज्युबिलीच्या वर्षी मागे वळून पाहण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाचा इतिहास म्हणजे केवळ ख्रिस्तमंदिराच्या भिंतींचा इतिहास नव्हे. त्या भिंतींच्या आत येऊन गुडघे टेकणाऱ्या अंतःकरणांचाही तो इतिहास असतो. आपल्या तळोजात कोणी कारखान्याच्या चाकरीसाठी, कोणी बिऱ्हाड परवडावे म्हणून, अशी ठिकठिकाणची कुटुंबे येऊन राहिली आहेत. त्यांपैकी बहुतेक घरांत शुभवर्तमानाचे पुस्तक असते. ते उघडले किती जाते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्याशीच करावा. आणि घरातील जिवाभावाचे माणूस अकाली गेले म्हणजे ते पुस्तक कायमचे मिटून ठेवणारे, मिस्सेला येणे सोडून देणारे लोकही आपल्यामध्ये आहेत. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्याच हाती आम्ही हे चरित्र देऊ इच्छितो.

पंडिता रमाबाई ह्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. तथापि दुःखाने रिकाम्या झालेल्या अंतःकरणात ख्रिस्ताचे शुभवर्तमान कसे शिरते, ह्याचे त्यांच्या आयुष्याहून अधिक स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात आम्हांस दुसरे दिसत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर वैदिक विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा तो काळ; तरी शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि पुढे लक्ष्मीबाईंनीच ती विद्या आपल्या धाकट्या मुलीस दिली. सर्व कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे, पुराणे सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी. भागवतपुराण ह्या मुलीच्या जिव्हाग्री होते.

इ. स. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि ह्या कुटुंबाची दशा फार हलाखीची झाली. पोथ्या होत्या, परंतु पोटात अन्न नव्हते. प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत स्मशानात नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीस हात दिला, आणि त्या अंगाने ठेंगण्या असल्यामुळे तो भार त्यांस डोक्यावर घ्यावा लागला. ज्या मुलीने देवांची स्तोत्रे पाठ केली, व्रते केली, तीर्थे केली, तिच्या मनातील जुना विश्वास त्या वाटेवर ढासळू लागला असल्यास नवल कोणते?

मागे उरली ती दोन भावंडे, रमाबाई आणि त्यांचे वडील बंधू श्रीनिवास. हजारो मैल पायी चालून ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्याच शहरी एका ख्रिस्ती मेळाव्यात बायबलची संस्कृत प्रत प्रथमच त्यांच्या हाती आली. पण त्यातील भाषा त्यांस परकी वाटली, आणि अर्थ मनास लागेना, म्हणून त्यांनी ती बाजूस ठेविली. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. संस्कृत भाषेत निष्णात असलेल्या ह्या स्त्रीस ते पुस्तक पहिल्या भेटीत बोलले नाही.

१८८० साली ढाक्यास बंधू श्रीनिवासही निवर्तले. आता माहेरचे म्हणावे असे रमाबाईंना कोणीही राहिले नाही. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. त्यामुळे जातीचे बंध तुटले. आसामकडील सिल्चर गावी त्यांचा संसार सुरू झाला, आणि १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली.

ह्याच घरी दुसरी भेट घडली. घरातील पुस्तकांत रमाबाईंस एके दिवशी एक लहानशी पुस्तिका सापडली. ती संत लूक ह्याच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत होती. ती तेथे कशी आली हे त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी ती आवडीने वाचली. पुढे गावातील एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या अधिक ऐकू लागल्या. पतीस हे रुचले नाही. पण हा वाद मिटण्याइतका अवकाश दैवाने दिलाच नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर वर्षाचेही न झालेले मूल, आणि डोक्यावर छप्पर धरणारा आप्त एकही नाही, अशी रमाबाईंची स्थिती झाली.

त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. पुण्यातच इंग्रजी शिकताना त्या मराठी नवा करारही वाचू लागल्या, आणि काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, जे ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाले होते, त्यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १८८३ साली त्या मुलीस घेऊन विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांस आसरा मिळाला.

तिसरी भेट ह्या विलायतेच्या मुक्कामातील. लंडनजवळ फुलम येथे ह्या भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे सेवा होई. आपल्या देशी अशा स्त्रियांच्या वाऱ्यासही कोणी उभे राहत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून ह्या कुलीन भगिनी असे का करितात हे त्यांनी विचारिले. उत्तरादाखल एका भगिनीने संत योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांस वाचून दाखविला. विहिरीवर भर दुपारी पाण्यास आलेली शोमरोनी स्त्री, आणि तिचे सारे आयुष्य ठाऊक असूनही तिच्याकडे पाणी मागणारा ख्रिस्त! धर्माने आपल्यासारख्या स्त्रियांस काही दिलेले नाही, ह्या शल्याने पोळलेल्या रमाबाईंस येथे प्रथमच असा गुरू दिसला, की जो स्त्रीस हिणवीत नाही आणि तिचे पाप लपवीतही नाही. बंगाली पुस्तिकेत जे वाचले होते, ते फुलमच्या त्या घरात त्यांनी हातांनी केले जाताना पाहिले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील खरे वळण हेच. केवळ पुस्तक पुरले नाही, केवळ सेवाही पुरली नसती. दोहोंचा मेळ पडला तेव्हा अंतःकरण उघडले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा स्नानसंस्कार झाला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. परंतु ह्या स्त्रीने मन गहाण टाकिले नव्हते. त्रैक्याचा सिद्धांत, धर्माधिकाऱ्यांची आज्ञा, पंथापंथांतील भेद ह्यांवर त्यांनी भगिनी जेराल्डीन ह्यांच्याशी पत्रांतून पुष्कळ वाद घातला. ख्रिस्तसभेच्या छायेत वाढलेल्या आम्हांस त्यांचे सर्व म्हणणे पटत नाही, आणि हा भेद आम्ही झाकून ठेवीत नाही. तथापि एवढे खरे, की त्या शंका टवाळीच्या नव्हत्या. ज्याचे घर वारंवार कोसळले आहे, तो नव्या घराचा प्रत्येक वासा ठोकून पाहतो, तशा त्या होत्या.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशी ह्यांच्या वैद्यकीच्या पदवीदान समारंभास त्या हजर होत्या. पुढे तेथील मित्रांच्या साह्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन उघडिले, आणि १८९० च्या अखेरीस ते पुण्यास नेले. बालविधवांस शिक्षण देणारी ती संस्था होती. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई ह्याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी झाल्या.

बाहेरून पाहणारास वाटावे की आता सर्व मिळाले. पण १८९१ च्या सुमारास, म्हणजे स्नानसंस्कारास आठ वर्षे होऊन गेल्यावर, रमाबाईंस निराळेच उमगले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारिला खरा, पण ख्रिस्त स्वतः अद्याप आपणांस भेटला नाही, असे त्यांचे मन त्यांस सांगू लागले. लहानपणी पुण्य गाठीस बांधण्यासाठी व्रते केली. आता ग्रंथ वाचले, सेवा केली. पण दोन्ही वेळा भार आपल्याच डोक्यावर राहिला. त्यांनी पुन्हा नवा करार हाती घेतला, आणि क्षमा ही कमवावयाची वस्तू नसून घ्यावयाचे दान आहे, ही गोष्ट त्यांच्या बुद्धीतून अंतःकरणात उतरली. जन्माने ख्रिस्ती असलेल्या आम्हां लोकांस ह्यात मोठा बोध आहे. नोंदवहीत नाव असणे आणि प्रभूस ओळखणे ह्यांमध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते. आणि ते अंतर ईश्वरी कृपेवाचून तुटत नाही.

ह्या नव्या विश्वासाची परीक्षा लवकरच झाली. १८९३ साली सदनातील मुलींस ख्रिस्ती करण्याचा आरोप आला. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले आणि अनेक मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. १८९६ व १८९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. ज्या भुकेने त्यांचे आईबाप नेले, तीच भूक त्यांनी त्या मुलींच्या चेहऱ्यावर पाहिली, आणि शेकडो मुली घेऊन त्या परतल्या. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे २००० वर गेली. विणकाम, शेती, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण अशी अनेक कामे तेथे चालत. आणि फुलमला पाहिलेले विसरले गेले नव्हते: समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन नावाचे वेगळे घरही तेथे होते. शोमरोनी स्त्रीची विहीर अशा रीतीने केडगावास आली.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात रमाबाईंनी एकच ध्यास घेतला. कलकत्त्यास ज्या पुस्तकाची भाषा आपणांसच परकी वाटली, ते खेड्यातील बाईस तरी कसे कळावे? म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळविले.

हे काम संपत आले असता २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे देहावसान झाले. आईच्या मागे संस्था सांभाळील अशी एकुलती एक कन्या ती. आईबाप, बहीण, बंधू, पती, आणि आता कन्या! शुभवर्तमानाने रमाबाईंचे दुःख टाळिले नाही, हे आम्ही मुद्दाम लिहितो. कारण विश्वास धरिला म्हणजे घरावर संकट येत नाही, असे सांगणारा मनुष्य शोकग्रस्तांची फसवणूक करितो. परंतु पहिल्या शोकांनी ज्या स्त्रीच्या श्रद्धेचा पाया हलविला होता, ती ह्या शेवटच्या शोकात आपल्या भाषांतराच्या कामावरून उठली नाही. दोन्ही वेळी दुःख सारखेच होते. धरण्यास आधार मात्र आता निराळा होता. ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, केडगाव येथे त्या प्रभूत निद्रिस्त झाल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली छापून पूर्ण झाले.

पनवेलहून कर्जतमार्गे घाट चढून पुणे, आणि पुण्यापुढे दौंडच्या वाटेवर केडगाव. आपल्या तळोजापासून ही वाट काही फार दूरची नाही. मुक्ती संस्था आजही तेथे उभी आहे. ज्यांस सवड होईल त्यांनी ती अवश्य पाहावी. परंतु त्याहून जवळची एक वाट आहे. ज्या घरात यंदा एखादी जागा रिकामी झाली आहे, त्या घरातील फळीवर ते पुस्तक अजून असेल. पहिल्या वेळी ते बोलले नाही म्हणून ते मुके आहे असे समजू नये. रमाबाईंसही ते पहिल्या वेळी बोलले नव्हते. आणि ज्यांच्या घरी दुःख नाही, अशा आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे, की शोकात बुडालेल्या शेजाऱ्यास शुभवर्तमानाचा अर्थ पुष्कळदा पानावरून नव्हे, तर आपल्या हातांवरून कळतो. ह्या ज्युबिलीच्या वर्षी प्रभू आम्हांस ते हात देवो, हीच आमची प्रार्थना.