केकी मूस

कैखुश्रू माणेकजी मूस ऊर्फ केकी मूस (जन्म : मुंबई, २ ऑक्टोबर १९१२, मृत्यू : चाळीसगाव, ३१ डिसेंबर १९८९) हे आंतरराष्ट्रीय ख्यातीचे भारतीय छायाचित्रकार व चित्रकार होते. टेबल-टॉप छायाचित्रण या प्रकारासाठी ते विशेष ओळखले जातात. खानदेशातील चाळीसगाव येथे त्यांनी आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे एकाच घरात राहून कलासाधना केली.

जीवन

मूस यांचा जन्म एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले आणि शेफील्ड येथील संस्थेत त्यांनी कलेचे व छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १९३८ मध्ये ते भारतात परतले व आईवडिलांचे वास्तव्य असलेल्या चाळीसगावी स्थायिक झाले. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव स्थानकाजवळचा त्यांचा दगडी बंगला हेच पुढे त्यांचे घर, चित्रशाळा, अंधारखोली आणि ग्रंथालय बनले. प्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्राँ यांच्या नावावरून त्यांनी या वास्तूला 'रेम्ब्राँट्स रिट्रीट' असे नाव दिले होते.

त्यानंतर ते क्वचितच घराबाहेर पडले. प्रेयसीने दिलेल्या भेटीच्या वचनामुळे ते रोज रात्री मुंबईहून येणाऱ्या मेलगाडीची वाट पाहत, अशी आख्यायिका सांगितली जाते. विनोबा भावे यांचे छायाचित्र घेण्यासाठी मात्र ते चाळीसगाव रेल्वे स्थानकापर्यंत गेले होते.

टेबल-टॉप छायाचित्रण

या प्रकारात टेबलावर लहान वस्तूंची मांडणी करून विस्तीर्ण दृश्याचा आभास निर्माण केला जातो. कॅमेरा वस्तूंच्या पातळीवर ठेवला की काटकी झाडासारखी दिसते आणि पांढरी भुकटी बर्फासारखी भासते. जवळच्या व दूरच्या वस्तू सारख्याच स्पष्ट याव्यात म्हणून भिंगाचे छिद्र लहान ठेवतात. त्यामुळे प्रकाशनाचा अवधी वाढवावा लागतो. प्रकाशाची दिशा किंचित चुकली तरी आभास भंग पावतो. घराबाहेर न पडणाऱ्या मूस यांना या तंत्राने निसर्गदृश्येही घरातच उभी करता आली. घरगुती साहित्यातून त्यांनी साकारलेली कृष्णधवल हिमदृश्ये प्रसिद्ध आहेत. त्यांच्या छायाचित्रांना देशविदेशांतील प्रदर्शनांत अनेक पारितोषिके मिळाली.

व्यक्तिचित्रे

कलावंताचे त्याच्या कामाच्या जागी, साधनांसह छायाचित्र घेण्याची पद्धत विसाव्या शतकात अमेरिकन छायाचित्रकार अर्नॉल्ड न्यूमन यांच्यामुळे विशेष प्रतिष्ठित झाली. तीत छायाचित्रकार कलावंताकडे जातो. मूस यांच्या बाबतीत हा क्रम उलटा होता. भेटीस येणारी माणसे त्यांच्या कार्यशाळेत प्रवेश करीत. बाबा आमटे यांच्यासारखे अनेक मान्यवर चाळीसगावी आले. समोरच्या व्यक्तीच्या कामाची जागा चित्रात आणणे शक्य नसल्याने तिची ओळख चेहरा, हात आणि छायाप्रकाश यांतूनच उभी करावी लागे. गडद पार्श्वभूमीवर एका बाजूने येणारा प्रकाश ही रेम्ब्राँच्या चित्रांची आठवण करून देणारी योजना अशा व्यक्तिचित्रणास पोषक ठरते.

इतर कला

छायाचित्रणाखेरीज चित्रकला, मूर्तिकला, काष्ठशिल्प आणि ओरिगामी यांतही त्यांनी काम केले. ते सतार वाजवीत. संगीत, उर्दू काव्य आणि ग्रंथसंग्रह यांचीही त्यांना आवड होती.

वारसा

एकांतामुळे मूस यांना कामासाठी अखंड वेळ मिळाला. परंतु त्याच कारणाने त्यांच्या हयातीत त्यांची कला सर्वसामान्य रसिकांपर्यंत मर्यादित प्रमाणातच पोहोचली. निर्मितीचा मोठा भाग एकाच वास्तूत राहिल्याने त्या वास्तूचे जतन हेच त्यांच्या कलेचे जतन ठरले. त्यांच्या निधनानंतर या बंगल्यात त्यांच्या कलाकृतींचे व संग्रहाचे संग्रहालय करण्यात आले. छायाचित्रकाराचे काम आणि ते जिथे घडले ती जागा, दोन्ही तेथे एकत्र पाहता येतात.