मायकेल फॅरडे

थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये, लंडनजवळ झाला. वडील लोहार, पण सदा आजारी. घरात खायची मारामार. १८०१ साली महागाई एवढी झाली, की मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव यायचा. तो त्याने आठ दिवस पुरवायचा. शाळाही जेमतेमच झाली. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात काम शिकायला राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी.

१८१२ साली त्याने स्वतः बॅटरी बनवली. तांब्याची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. एवढ्यावर वीज तयार झाली! ही युक्ती इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली शोधली होती. पण कागद वाळला की वीज बंद. म्हणजे खरी गोम मधल्या पाण्यात आहे.

त्याच वर्षी मायकेलने डेव्ही या शास्त्रज्ञांची चार व्याख्याने ऐकली. सगळे टिपण काढले, छान वही बांधली आणि त्यांनाच पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये डेव्हींनी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले.

पुढे १८३१ साली फॅरडे यांनी चुंबकापासून वीज निर्माण केली. मग ते पुन्हा त्या द्रावणाकडे वळले. जेवढी वीज द्रावणातून जाते, त्याच प्रमाणात पदार्थ सुटतो, दुप्पट विजेला दुप्पट, हा नियम त्यांनी मांडला. अशा द्रावणाला १८३४ साली त्यांनी इलेक्ट्रोलाइट हे नाव दिले. आपण त्याला विद्युत अपघटनी म्हणतो.

रात्री लाईट आली की वडील बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जातात. मधेच बॅटरी बसली तर बांधावर विंचू-काट्याचे भ्या! म्हणून सेल जास्त टिकला पाहिजे. शुद्ध लिथियम धातू वापरला तर कमी वजनात जास्त वीज मावते. पण चार्जिंग करताना लिथियम सारखे बसत नाही, काट्यांसारखे वाढते. दर वेळी थोडे द्रावणात वाया जाते. काटा पलीकडे टेकला तर आगही लागू शकते. म्हणून शास्त्रज्ञ द्रावणच सुधारत आहेत. कोणी त्यात क्षार वाढवतात, कोणी फ्लोरीन असलेले द्रव घालतात. किती लिथियम परत मिळाले, हा हिशोब आजही फॅरडेंच्याच नियमाने होतो.

फॅरडे नाताळात मुलांसाठी व्याख्याने देत. त्यांतील मेणबत्तीवरच्या व्याख्यानांचे पुस्तक जपानच्या अकिरा योशिनो यांनी प्राथमिक शाळेत असताना, शिक्षकांनी सांगितले म्हणून वाचले. त्याच योशिनोंना लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

फॅरडे यांनी सरदारकी नाकारली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. त्यांनी हाती घेतलेले मधल्या पाण्याचे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. ते सोडवायला आपल्या वर्गातलेही कोणी का असू नये?